मुहूर्ताची फ्लॉपी

वेसाव्याच्या मच्छीमार सोसायटीत संगणक आला तो अठ्ठ्याऐंशी साली, आणि आला तो बर्फापायी.

बर्फाचा कारखाना सोसायटीचाच. समुद्रात जाण्याआधी प्रत्येक होडीत लाद्या भरायच्या आणि भरतीच्या आत निघायचं. भरती काही कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे आधी बर्फ कुणाला, यावर रोज कारखान्याच्या दारात गावजत्रा. ज्याचा गळा मोठा त्याचा बर्फ आधी, असा शिरस्ताच पडला होता. धाकू नाखव्याचा गळा गावात सर्वांत मोठा. सत्तरी आली तरी त्याची होडी कधी दुसरी निघाली नव्हती.

मग सरकारी योजनेतून संगणक मिळाला. मोठा डबा सोसायटीच्या कचेरीत, धाकटा डबा बर्फाच्या कारखान्यात, आणि दोहोंच्या मध्ये गल्लीवरून, सुकत घातलेल्या जाळ्यांच्या डोक्यावरून गेलेली केबल. नाखव्याने कुठल्याही डब्यापाशी नाव सांगायचं, नंबराची चिठ्ठी घ्यायची. मोठ्या डब्यातली प्रणाली युनिक्सच्या घराण्यातली. या घराण्याचं वैशिष्ट्य असं, की एकाच वेळी अनेकांचं ऐकून घेतं. देव जसा देवळातल्या सगळ्यांचं एकदम ऐकतो तसं, असं रामनाथ म्हणायचा.

रामनाथ हा सोसायटीचा चेअरमन. स्वतःची एक होडी, पांढरी मिशी, गळ्यात तुळशीची माळ. एकादशीचं कीर्तन त्याने कधी चुकवलं नाही. होडी समुद्रात असली तर तिथून हात जोडायचा. डबे चालवायला माणूस हवा होता तेव्हा त्यानेच सगुणाचं नाव घातलं. सगुणा ही कृष्णाबाईची मुलगी. कृष्णाबाई सांताक्रूझच्या बाजारात मासळी विकते. पोरगी बारावी झालेली, अंधेरीला मार्तंड सबनीसांच्या क्लासात संगणक शिकलेली. कमिटीतल्या लोकांनी नाकं मुरडली. कचेरीत आजवर बायका उंबऱ्यापर्यंतच आल्या होत्या, त्याही भांडायला. रामनाथ म्हणाला होता, आपल्या बायका अख्खा बाजार सांभाळतात, दोन डबे सांभाळतील. विषय तिथेच संपला.

सगुणाने डबे सांभाळले, पण डब्यांना एक खोड होती. कचेरीतून आणि कारखान्यातून एकाच क्षणी चिठ्ठी मागितली की सगळंच गोठायचं. मग बंद करा, पुन्हा चालू करा, तोवर दारात लोक जमलेले आणि भरती निम्मी उतरलेली. तीनचार वेळा असं झाल्यावर धाकूने गळा काढला, की पूर्वी निदान भांडायला माणूस समोर असायचा, आता कुणाशी भांडायचं? कमिटीने ठरवून टाकलं. पुढच्या बैठकीत विषय घ्यायचा: संगणक परत करणे. संगणक गेला की सगुणाही जाणार, हे कुणी बोललं नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगुणाला आईच्या पाटीची लाज नव्हती. तिचा जीव मात्र त्या डब्यात गुंतला होता. आपण काही विचारावं आणि समोरून नेमकं उत्तर यावं, हे सुख तिला गावात दुसरीकडे कुठे मिळालं नव्हतं.

तिने मार्तंडसरांना फोन केला. सर म्हणाले, अगं, ही खोड सगळ्यांनाच लागली होती. प्रणालीची नवी आवृत्ती निघालीय, तिच्यात ती काढलीय. युनिक्सवाल्यांचं असंच असतं. चुका सापडतात, दुरुस्त करतात, नवी आवृत्ती पाठवतात, आणि आपण ती वेळच्या वेळी चढवायची असते. न चढवता बसलं की जुन्याच चुका उराशी धरून बसल्यासारखं. दोन दिवसांत त्यांचा माणूस फ्लॉप्यांचं खोकं आणि एक छापील कागद देऊन गेला. सर स्वतः पुण्याच्या कामात अडकले होते, तेव्हा चढवायचं सगुणानेच. आधी जुन्या सगळ्याची नक्कल टेपवर काढून ठेव, हे मात्र त्यांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

खोकं आलं ते नेमकं अनंत चतुर्दशीच्या सकाळी. गावात विसर्जनाची गडबड, आणि पाठोपाठ पितृपक्ष.

रामनाथने खोकं पाहिलं, हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाला, आता घटस्थापनेला. पितृपक्षात त्याच्या घरी नवं जाळंसुद्धा पाण्यात पडत नसे. बाप समुद्रात गेला तो परत आला नव्हता. वर्षातला हा पंधरवडा त्या माणसाचा, असं रामनाथ मानायचा, आणि त्यात वाद घालणं सगुणाला शोभलं नसतं. तिने एवढंच विचारलं, की काका, बैठक तर पंधरवड्यातच आहे. बैठकीला पितर आड येत नाहीत का?

रामनाथला हसू आलं. मग तो गंभीर झाला. पोरीची नोकरी जाईल हे त्यालाही दिसत होतं. जरा वेळ मिशी ओढत बसला, आणि त्याला तोड सुचली. गावात नवी होडी बांधायची असली आणि पितृपक्ष तोंडावर आला, तर त्याचे वाडवडील काय करायचे? चांगल्या दिवशी होडीचा तळाचा कणा तेवढा ठेवायचे, नारळ फोडायचे आणि पंधरवडाभर त्याला हात लावायचे नाहीत. लाकूड तेवढ्यात मुरतं. फळ्या मग दसऱ्याला.

"पहिली फ्लॉपी आज घाल," तो म्हणाला. "मुहूर्त झाला म्हणजे काम सुरू झाला. सुरू झालेला काम कमिटी मोडणार नाय. बाकीच्या घटस्थापनेला."

सगुणाला हे पटलं, हे सांगायलाच हवं. तिच्या मामाची होडी अशीच बांधली होती. कागदावर फ्लॉप्या क्रमाने घाला असं होतं. मध्ये थांबू नका असं काही नव्हतं. तिने टेपवर नक्कल काढली. रामनाथने डब्यापुढे उदबत्ती लावली (सगुणाने ती हळूच खिडकीत सरकवली), पायरीवर नारळ फोडला आणि पहिली फ्लॉपी स्वतःच्या हाताने आत सारली. डबा बराच वेळ कुरकुरला. मग पडद्यावर अक्षरं उमटली: दुसरी घाला. तेवढ्यात गल्लीतून ढोल आले, रामनाथच्या घरचा गणपती निघाला होता. "ऱ्हाऊ दे, मुरू दे," असं म्हणून तो गुलाल खेळायला गेला, आणि सगुणाही डबा बंद करून बायकांच्या घोळक्यात शिरली.

दुसऱ्या दिवशी डबा चालू केला, तर तो चालूही झाला आणि नाहीही.

झालं होतं असं. पहिल्या फ्लॉपीत प्रणालीचा गाभा होता. तो नवा झाला. त्याच्या जिवावर चालणारे बाकीचे कार्यक्रम, म्हणजे चिठ्ठी छापणारे, धाकट्या डब्याशी बोलणारे, मशीनवर कोण बसलंय ते सांगणारे, सगळे जुनेच राहिले. नवा गाभा एका भाषेत बोलायचा, जुने कार्यक्रम दुसऱ्या. बुवा काळी पाचात गाताहेत आणि पेटीवाला पांढरी तीन धरून बसलेला, तशी गत. मशीनवर कोण बसलंय विचारलं की डबा अगम्य चिन्हांच्या रांगा दाखवायचा. कारखान्यातला धाकटा डबा मुका. कचेरीत चिठ्ठी निघायची, पण मनात आलं तर. सगुणा चिठ्ठी हातात घेऊन गल्लीतून कारखान्यापर्यंत पळायची, पुन्हा पळत कचेरीत यायची.

धाकू नाखवा कारखान्याच्या दारात स्टूल टाकून हा खेळ बघायचा. "मशीनला पितर लागलेत गो," तो तिला ऐकू जाईल असं म्हणाला. "कावळ्याला घास ठेव." संध्याकाळपर्यंत हे वाक्य गावभर झालं. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या खिडकीत खरोखरच कुणीतरी पानावर वडाभात ठेवून गेलं, आणि कावळ्याने तो खाल्लाही.

सगुणाने मार्तंडसरांना फोन लावला. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, की मध्येच थांबायला कुणी सांगितलं? ती म्हणाली, पितृपक्षाने. मग सर म्हणाले, की त्यांच्या कागदात पितृपक्षाबद्दल काहीच लिहिलेलं नाही, आणि ही चूक कागद लिहिणाऱ्याची. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. टेपवरची नक्कल परत चढवून जुन्यावर जायचं, म्हणजे जुनी खोडही परत. नाहीतर उरलेल्या फ्लॉप्या घालून मोकळं व्हायचं.

"कचेरीची किल्ली तुझ्याकडे, खोकं तुझ्याकडे," सर म्हणाले. "घाल आणि मोकळी हो. कुणाला कळणार आहे?"

कुणालाच कळलं नसतं, हे खरं. डबा सुधारला असता, रामनाथ म्हणाला असता, बघा, मुरला. सगुणाने खोकं काढलं, टेबलावर ठेवलं. पुन्हा कपाटात ठेवलं. या माणसाने तिच्यासाठी सगळ्या कमिटीपुढे तोंड उघडलं होतं. नारळ फोडला तोही तिचीच नोकरी राहावी म्हणून. त्याच्या पाठीमागे त्याच्या बापाचा पंधरवडा मोडायचा, आणि तोही त्याचाच डबा चालावा म्हणून, हे तिच्याने होईना. आणि जुन्यावर जायचं म्हणजे मोडलेला मुहूर्त; ते तर त्याला विचारायचीही सोय नव्हती.

उरलेल्या फ्लॉप्या आताच घालू का, हे मात्र तिने दोनदा विचारून पाहिलं. रामनाथ चिडला नाही. तोही कष्टी होता. घटस्थापना काय लांब नाय, एवढंच तो म्हणाला. घटस्थापना लांब नव्हती, पण बैठक तिच्याही आधी होती.

बैठकीच्या आधी एकादशी आली. रामाच्या देवळात कीर्तन ठेवलं होतं, आणि कीर्तनाला नाहूरच्या मथुराबाई येणार होत्या. ज्यांनी त्यांचं कीर्तन ऐकलं नाही त्यांना काय सांगावं? लहानशी, किडकिडीत बाई. नऊवारी नेसून चिपळ्या हातात घेऊन उभी राहिली की आवाज देवळाच्या कळसापर्यंत. पूर्वरंगात शास्त्र सांगायच्या ते असं, की भाकरी थापता थापता शेजारीण काहीतरी सांगतेय. आणि उत्तररंगात आख्यान लावलं की पोरंसोरंही मांडी मोडायची नाहीत. त्या दिवशी पूर्वरंगात नामाला टाळाटाळ करणाऱ्यांची त्यांनी अशी काही नक्कल केली, की धाकू नाखवा खांबाला टेकून पोट धरून हसत होता. मग पूर्वरंग संपला. रामनाथ उठला, बाईंना बुक्का लावून हार घातला. तबकात आरती फिरू लागली, पेटीवाल्याने चहाचा घोट घेतला.

सगुणा बायकांच्या बाजूला पुढेच बसली होती. बाईंनी पाणी मागितलं, तिने तांब्या नेऊन दिला, आणि तिथून ती हललीच नाही.

"बाई, एक विचारू?"

"विचार की."

"पूर्वरंग झाला, हार झाला. आता उत्तररंग तुम्ही अमावास्येनंतर केला तर चालेल?"

आसपासच्या बायका फिसकन हसल्या. मथुराबाईंना वाटलं पोरगी थट्टा करतेय. त्या म्हणाल्या, चालेल ना, पण मग हे लोक मला नाहूरपर्यंत पायी पाठवतील. पण सगुणा हसत नव्हती. ती रामनाथकडे बघत होती आणि रामनाथ तबकाकडे. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग रामनाथनेच सांगायला सुरुवात केली, कारण देवळात लपवालपवी त्याला जमत नसे. होडीचा कणा, नारळ, पहिली फ्लॉपी, मुका झालेला डबा, सगळं. फ्लॉपी म्हणजे काय ते बाईंना समजलं असेल-नसेल, बाकीचं समजलं.

"तिचा म्हणणा बरोबर हाय बाई, पण कीर्तन जुनाच असतो," रामनाथ म्हणाला. "तो डबा नवा हाय. पितरांच्या दिवसांत नवा कसा करू?"

बाई पाणी प्यायल्या. त्यांनी तांब्या परत दिला, पेटीवाल्याकडे वळून कानात काहीतरी सांगितलं. तो दचकला. तो दुसऱ्याच आख्यानाचा सूर धरून बसला होता. त्याने घाईघाईने पट्टी बदलली, तबलजीने हातोडी काढली, आणि मथुराबाईंनी भगीरथाचं आख्यान लावलं.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेलीच. सगर राजाचे पुत्र कपिल मुनींच्या कोपाने भस्म झाले, गंगा आणल्याखेरीज त्यांना गती नाही. अंशुमान तपाला बसला, आयुष्य सरलं. दिलीपाने तेच तप पुढे चालवलं, तोही गेला. मग भगीरथ. पण त्या दिवशी बाई भगीरथापाशी घाईने आल्याच नाहीत. त्या अंशुमानापाशी रेंगाळल्या. म्हातारा स्वर्गात बसलाय, पुढ्यात अमृत आहे, अप्सरा गाताहेत, आणि याचं लक्ष खाली: माझं अर्धं राहिलेलं कुणी हातात घेतलं का? इंद्र विचारतो, राजा, जेवत का नाहीस? बाईंनी तो म्हातारा असा उभा केला, अंगठा दाताखाली धरून खाली वाकून बघणारा, की देवळात कुणी खोकलं नाही.

"पितरांना काय हो, तीळपाणी पुरतं," बाई म्हणाल्या, आणि चिपळ्या थांबल्या. "अर्धं राहिलेलं काम मात्र त्यांना बसू देत नाही. ते पुरं करणं, हेच श्राद्ध."

आणि लगेच गजर लावला, कुणाला विचार करायला फुरसतच दिली नाही. सगुणाने रामनाथकडे पाहिलं. तो डोळे मिटून टाळ वाजवत होता, नेहमीसारखाच. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. कीर्तन संपल्यावर तो बाईंना स्टेशनपर्यंत सोडायला रिक्षा बघायला गेला, सगुणाशी बोललाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा कचेरीत आली तेव्हा रामनाथ पायरीवर बसला होता. अंघोळ करून, ओल्या केसांनी. तिच्या हातात किल्ली होती, ती त्याने कुलपाकडे बोट दाखवून लावायला सांगितली. आत जाऊन तो डब्यासमोरच्या बाकावर बसला.

"बापूसनी कणा ठेवलेली एक होडी होती," तो म्हणाला. "कणा ठेवला आणि त्या वादळात गेला. आयेनी सुतार बोलावले ते ह्याच पंधरवड्यात. लोकांनी बोल लावले. ती म्हणाली, त्यानी सुरू केलेला, मी का उघडा ठेवू?" मग म्हणाला, "मी तेव्हा लहान होतो. विसरलेलो बघ. काढ तुझा खोका."

सगुणाने खोकं काढलं. दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी डबा कुरकुरायचा आणि पुढची मागायचा. रामनाथ हात मांडीवर ठेवून बसला होता, श्राद्धाला बसलेल्या यजमानासारखा, गुरुजी सांगतील तेव्हाच हलायचं असा. मधली एक फ्लॉपी मात्र डब्याला वाचेना. वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करू का, असं तो विचारू लागला. सगुणाने हो म्हटलं. पुन्हा तेच. ही नाही चालली तर पुढे जाता येत नाही, आणि टेपवरून मागे जायचं म्हणजे मोडलेला मुहूर्त. तिने फ्लॉपी बाहेर काढली, उजेडात धरली, टेबलाच्या कडेवर हलकेच ठोकली, पुन्हा घातली. रामनाथ पुटपुटू लागला होता. काय, ते ऐकू आलं नाही. डबा कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला आणि पुढची मागू लागला.

शेवटची झाल्यावर तिने मशीनवर कोण बसलंय ते विचारलं. पडद्यावर सरळ अक्षरांत तिचं नाव आलं, एकट्या तिचंच. ते वाचून तिला उगाचच भरून आलं.

आता खरी परीक्षा. रामनाथला तिने कचेरीच्या डब्यापाशी बसवलं, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं, आणि स्वतः पळत कारखान्यात गेली. तिथे धाकू स्टुलावर होताच. त्याला म्हणाली, नाखवा, तुमचं नाव घालते. गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या खलाशाने रुमाल हलवायचा, की दोघांनी एकदम दाबायचं. रुमाल हलला. धाकट्या डब्याने क्षणभर विचार केला, आणि चिठ्ठी बाहेर आली. तेवढ्यात गल्लीतून रामनाथ आला, चेअरमनला न शोभेल इतक्या वेगाने, हातात दुसरी चिठ्ठी. धाकूने आपली चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, मग रामनाथची मागून घेतली. रामनाथचा नंबर पहिला होता, धाकूचा दुसरा. त्याने काहीतरी पुटपुटत स्टूल थोडं पलीकडे सरकवलं.

रविवारी बैठक भरली. कमिटी आणि धाकू सतरंजीवर, सगुणा कोपऱ्यातल्या खुर्चीवर, इतिवृत्त लिहायला. मध्यंतरी रोज चिठ्ठ्या निघत होत्या, दोन्हीकडून, आणि होड्या भरतीला जात होत्या. तरी विषय विषयच. रामनाथने तो जसा होता तसा वाचला: संगणक परत करणे. वाचून चष्मा काढून ठेवला. स्वतः एक शब्दही बोलायचा नाही असं त्याने ठरवलेलं दिसत होतं. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले, आणि मग सगळेच धाकूकडे, कारण तक्रार त्याची होती.

धाकूने घसा साफ केला. एवढा मोठा गळा, पण त्या दिवशी त्याने खालच्या आवाजात काम चालवलं.

"परत कशाला?" तो म्हणाला. "अक्षर मोठा करायला सांगा. चिठ्ठीवरचा नंबर दिसत नाय. पोराकडना वाचून घ्यावा लागतो, आणि पोर खोटा सांगतो."

कुणी हसलं नाही, कारण आणखी दोघांची तीच तक्रार निघाली. रामनाथने सगुणाकडे पाहिलं. ती म्हणाली, मोठं करता येईल, उद्यापासूनच करते.

"लिही मग," रामनाथ म्हणाला. "चिठ्ठीवरचा अक्षर मोठा करणे. मंजूर." आणि पुढचा विषय वाचला. तो धक्क्यावरच्या विझलेल्या दिव्याचा होता, आणि त्यावर सगळे एकदम बोलू लागले.